द्राक्षबागेतील व्यावसायिक आरोग्य (सांगली जिल्हा)

द्राक्षबागेतील छाटणी, फवारणी, विरळणी (घडातले जादा मणी काढणे) आणि पुढे बेदाणानिर्मिती या कामांचे मजुरांच्या प्रकृतीवर होणारे परिणाम व त्यांवरील उपाय यांचा विचार या विषयात होतो. सांगली जिल्ह्यात तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, जत या तालुक्यांत बागा दाट आहेत. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पूर्वी घरचीच माणसे बाग सांभाळत. आता बरीचशी कामे उक्त्या टोळ्या करतात. टोळी आज एका बागेत, उद्या दुसऱ्या. औषध तिच्या अंगावर उडते, पण तिचे नाव कोणत्याच मालकाच्या वहीत नसते. या विषयाचे मूळ दुखणे हेच आहे.

सर्वांत बोलके उदाहरण पेस्टिंगचे. फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड हाताने चोळतात. हे द्रावण त्वचेला दाहक असते. हातमोजा फाटका असेल तर बोटे सोलवटतात. त्याहून फसवा परिणाम दारूच्या संगतीने दिसतो. दारू पचवताना शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होते. त्याचे पुढे विघटन करणारे वितंचक (एन्झाइम) सायनामाइडमुळे बंद पडते. मग संध्याकाळी थोडी घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोके ठणकते, रक्तदाब उतरतो. गावात याला 'जास्त झाली' म्हणून हसण्यावारी नेणे सोपे, आणि दवाखान्यातही दिवसभर काय काम केले हे विचारले नाही तर कारण हाती लागत नाही. युरोपीय संघाने २००८ मध्ये या रसायनाला पीक संरक्षणासाठी मान्यता नाकारली.

हवामान लहरी झाल्याने भर पडली आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस लांबला की डाऊनी (केवडा) हा बुरशीसारखा रोग येतो आणि फवारण्या वाढतात. २०१९ च्या लांबलेल्या पावसाचा फटका बागाईतदारांना आठवत असेल. कीटकनाशकांतील ऑर्गॅनोफॉस्फेट गटाने घाम, लाळ, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे ही लक्षणे दिसतात. ही औषधे कोलिनएस्टरेज हे मज्जातंतूंच्या कामाला लागणारे वितंचक दाबतात, म्हणून रक्तातील त्याच्या तपासणीने बाधा कळू शकते. बोर्डो मिश्रण हे मोरचूद व चुन्याचे ताम्रयुक्त बुरशीनाशक वर्षानुवर्षे फवारणाऱ्यांत फुप्फुसाचा एक विकार पोर्तुगालमध्ये १९६९ मध्ये नोंदवला गेला होता.

विरळणी व घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे ही कामे बहुधा बायकांकडे. मांडवाखाली मान वर आणि हात डोक्याच्या वर ठेवून दिवस काढल्याने मान-खांदे धरतात; याला आजार म्हणून कुणी गणत नाही. बेदाण्याच्या शेडवर पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्यातून निघणाऱ्या सल्फर डाय-ऑक्साइडने घसा आवळतो, दम्याच्या रुग्णाला झटका येऊ शकतो.

कीटकनाशके अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम फवारणाऱ्याला संरक्षक कपडे द्यायला सांगतात. मात्र ऊन तापलेले असताना अंगभर प्लॅस्टिकचा पोशाख चढवून काम करणे कुणाला जमेल, हा प्रश्न उरतोच. बाग हा कारखाना नव्हे, त्यामुळे २०२५ पर्यंत अमलात असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ मधील व्यवसायजन्य रोग कळवण्याचे बंधन येथे लागू होत नव्हते. ट्रॅक्टरच्या ब्लोअरमुळे पाठीवरचा पंप उतरला, ड्रोनने तर माणूस फवाऱ्यातूनच बाहेर पडतो. तरीही टाकीत तीव्र औषध ओतून ते कालवणे हातानेच होते, आणि सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती याच वेळी.