गेज बदलला की उत्तर बदलतं?

‘क्वांटम मेकॅनिक्समध्ये विद्युतक्षेत्र आलं की गेज इन्व्हेरिअन्स मोडतो’ हा समज बराच जुना आहे. (एकच विद्युतक्षेत्र वेगवेगळ्या विभवांनी, म्हणजे ज्यांच्यापासून क्षेत्र काढता येतं अशा राशींनी, लिहिता येतं. त्यातली एक निवड म्हणजे गेज; ती बदलली तरी मोजता येणारं उत्तर तेच राहणं म्हणजे गेज इन्व्हेरिअन्स.) त्याला आधार म्हणून भौतिकशास्त्रज्ञ विलिस लॅम्ब यांचं १९५२ मधलं निरीक्षण दाखवतात: हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषेचा आकार विद्युतक्षेत्र गुणिले अंतर या रूपाने जुळतो, सदिश विभवाच्या रूपाने जुळत नाही.

निरीक्षण खरं, निष्कर्ष चुकीचा.

साधं एकसमान क्षेत्र घ्या. पहिल्या गेजमध्ये सदिश विभव शून्य, आणि अदिश विभव अंतरासोबत सरळ रेषेत उतरतं. इथे इलेक्ट्रॉनचा संवेग बदलत राहतो. दुसऱ्या गेजमध्ये अदिश विभव शून्य, आणि सदिश विभव वेळेसोबत वाढतं. इथे तोच संवेग चक्क अक्षय्य! मग बल गेलं कुठे? कुठेच नाही. दुसऱ्या गेजमधला ‘संवेग’ म्हणजे वस्तुमान गुणिले वेग नव्हेच. त्यातून प्रभार गुणिले सदिश विभव वजा केलं की खरा ‘वस्तुमान गुणिले वेग’ मिळतो, आणि तो दोन्हीकडे एकाच दराने बदलतो.

गोची होते ती इथे: गेज बदलताना लोक हॅमिल्टोनियन (ऊर्जेचं गणिती रूप) बदलतात, पण तरंगफलाची (इलेक्ट्रॉनची अवस्था सांगणाऱ्या फलाची) कला, म्हणजे फेज, बदलायला विसरतात. क्षेत्र चालू असताना ‘२ एस’ (हायड्रोजनची एक ऊर्जापातळी) या जुन्याच तरंगफलाचा अर्थ दोन गेजमध्ये वेगळा असतो. लॅम्ब यांच्या गणितात नेमकी हीच मेख होती. त्यातच अणूच्या दोन-तीन ऊर्जापातळ्या ठेवून बाकीच्या गाळल्या तर तफावत आणखी वाढते. पण ती त्या काटछाटीची, निसर्गाची नव्हे.