नाताळच्या देखाव्यातले ‘तीन राजे’

दर डिसेंबरला वडोदऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘येशू जन्मला त्याच रात्री तीन राजे गोठ्यात आले, असं बायबलमध्ये लिहिलंय.’ तसं वाटणं साहजिक आहे. फतेहगंजला देखावा बघायला जावं तर गवत, मेंढ्या, मुकुटवाले तिघं, सगळे एकाच छपराखाली दिसतात.

पण मूळ मजकूर वेगळा आहे. मराठी बायबल मोबाइलवर फुकट मिळतं. त्यात येशूची कथा सांगणाऱ्या मत्तयाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा, जेमतेम 23 ओव्या आहेत. पूर्वेकडून आलेल्यांना तिथे ‘मागी लोक’ (म्हणजे तारे जाणणारे ज्ञानी) म्हटलंय, राजे नाही. संख्याही नाही. तीन आहेत त्या भेटी: सोनं, ऊद, गंधरस. त्यावरून माणसंही तीन धरली गेली. सिरियाकडच्या जुन्या परंपरेत तर ती बारा आहेत, आणि रोमच्या भुयारी दफनभूमीतल्या भित्तिचित्रांत कुठे दोन, कुठे चार.

आता अकरावी ओवी नीट वाचा. ते ‘घरात’ गेले, गोठ्यात नव्हे. गव्हाणी आणि मेंढपाळ बायबलमधल्याच लूकच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहेत, तिथे मागींचा उल्लेखच नाही. मत्तयाच्या सोळाव्या ओवीत तिथला राजा हेरोद दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला सांगतो, तेही मागींकडून तारा दिसल्याचा काळ विचारून घेऊन. म्हणजे मधे बरेच दिवस गेले असावेत. मागींचा राजेपणा बहुधा बायबलमधल्याच स्तोत्र 72 मधून आला. तिथे राजे नजराणे आणतात.

देखावा दोन्ही कथा एकत्र मांडतो, आणि मला तो मनापासून आवडतो. चर्चच्या पंचांगातही मागींचा सण वेगळा आहे, 6 जानेवारीला.