पार्श्वभूमी : धर्माच्या रकान्यातला 'नव'

माझे वडील आणि धाकटे काका जालना जिल्ह्यातल्या एकाच शाळेत शिकले. त्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात वडिलांच्या नावापुढे 'हिंदू महार' लिहिले आहे आणि काकांच्या नावापुढे 'नवबौद्ध'. दोघांचाही प्रवेश 1956 च्या बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरचा. आजोबांनी दीक्षा एकदाच घेतली होती आणि घरात भिंतीवर तसबीरही एकच होती. रजिस्टरातले अक्षर मात्र वेगळे आहे, म्हणजे मधल्या काळात गुरुजी बदलले होते. मराठवाड्यातल्या हजारो घरांत अशा जोडनोंदी सापडतील. ही पार्श्वभूमी त्यातल्या दुसऱ्या शब्दाची आहे. नागपुरात काय घडले ते वाचकांना ठाऊक आहे, म्हणून ते इथे पुन्हा सांगत नाही.

मुळात मराठीतला 'धर्म' एका रकान्यात मावणारा नव्हता. शेजारधर्म, कुळधर्म, दानधर्म, धर्मशाळा. आमच्याकडे दारात येणारी म्हातारी 'धरम कर माय' म्हणायची तेव्हा ती भाकर मागत असायची. इंग्रजी अमदानीत शिरगणती आली, 'रिलिजन'च्या जागी 'धर्म' बसवला गेला आणि माणूस ज्या गटात मोजायचा त्या गटाचे नाव म्हणजे धर्म, असा अर्थ रूढ झाला. 'बौद्ध' हा शब्दही मराठीत होताच. संतांच्या अभंगांत तो विष्णूच्या नवव्या अवताराला, विटेवरच्या विठ्ठलाला लावलेला दिसतो. अजिंठा-वेरूळ उशाशी असूनही जिवंत माणसाने स्वतःला बौद्ध म्हणवावे, हे शेकडो वर्षे आपल्या बोलण्यात नव्हते.

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि दफ्तर उर्दूत चालायचे. उर्दूतला 'कौम' हा शब्द जात, जमात, समाज या सगळ्यांना पुरायचा. 1931 च्या जनगणनेत हैदराबाद राज्याने अस्पृश्य मानलेल्या समाजांची नोंद 'आदि-हिंदू' अशी केली. ही मागणी त्या समाजांच्या चळवळीतूनच पुढे आली होती. 'आदि' म्हणजे आम्ही इथले मूळचे, हा दावा त्यात होता, पण 'हिंदू' सुटला नव्हता. इतर ठिकाणी कुणी सोमवंशी म्हणवून घेत होते, कुणी चोखामेळा, आणि बाहेरच्यांनी दिलेला 'हरिजन' होताच. 30 डिसेंबर 1938 ला कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला अस्पृश्य समाजाची परिषद झाली. 'जय भीम'ची आठवण आपल्या भागात त्या परिषदेशी जोडून सांगितली जाते. त्याआधी गावात शिरताना 'जोहार मायबाप' म्हणावे लागे. आज एसटीत शेजारी बसलेल्याने 'तुमी कोन लोक?' विचारले, तर 'जयभीमवाले' हे उत्तर पुरते. धर्म आणि जात दोन्ही विचारणाऱ्याला त्या एका शब्दात कळतात.

नावाचा प्रश्न बाबासाहेबांनी 1936 सालीच थेट मांडला होता. मे अखेरीस मुंबईत झालेल्या परिषदेतल्या भाषणात त्यांनी धर्मांतर आणि नामांतर एकमेकांना जोडले. नुसती जातीची नावे बदलून विटाळ जात नाही, धर्म बदलला की नाव खऱ्या अर्थाने बदलते, असा त्यांचा युक्तिवाद होता. वीस वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला ते प्रत्यक्षात आले. वर्तमानपत्रांनी आणि कचेऱ्यांनी त्याला 'धर्मांतर' म्हटले. ज्यांनी ते केले त्यांच्या तोंडी मात्र 'दीक्षा घेतली' असेच आहे. आजोबा शेवटपर्यंत 'दीक्षेच्या साली' असा काळ सांगत. 1957 मध्ये, त्यांच्या पश्चात, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आला. 'रिलिजन' ही माणसाने स्वतःपुरती ठेवायची गोष्ट, तर धम्म सामाजिक, माणसामाणसांतल्या वागण्याचा, हा भेद त्यात सविस्तर मांडला आहे. पाली शब्द मुद्दाम राखला गेला, कारण 'धर्म' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात देव, आत्मा आणि वर्ण हजर होतात. सरकारी फॉर्मवर आजही 'धर्म'च छापलेला असतो.

आता 'नवबौद्ध'. हा शब्द समाजाने ठरवून घेतलेला नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या 'निओ-बुद्धिस्ट'चा तो मराठी अवतार, आणि त्याला कायमचे घर मिळाले ते सरकारी कागदात. कारण असे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात म्हटले होते की हिंदूंहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. 1956 मध्ये त्यात शीख जोडले गेले. त्याच साली दीक्षा घेतलेले लाखो लोक मात्र एका दिवसात यादीबाहेर गेले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्या अखत्यारीतल्या सवलती त्यांना लागू केल्या. त्यासाठी कागदावर त्यांचे काहीतरी वेगळे नाव हवे होते. नुसते 'बौद्ध' लिहिले तर लडाखचा बौद्धही आला असता. म्हणून 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' ही जोडी तयार झाली, ती आजतागायत मोडलेली नाही. निवासी शाळांच्या पाट्यांवर, घरकुलाच्या अर्जावर, विहीर आणि शेतीच्या योजनांच्या शासन निर्णयांत तीच आहे.

कचेरीची अडचण मला समजते. पण अडचणीपुरता घेतलेला शब्द लोकांच्या समजुतीत मुरला, आणि माझी तक्रार तिथे आहे. 'नवबौद्ध' ऐकले की ऐकणाऱ्याला सवलत आठवते, बुद्ध आठवत नाही. कालपरवा बाप्तिस्मा घेतलेल्याला कुणी 'नवख्रिश्चन' म्हणत नाही. इथे चौथी पिढी शाळेत गेली तरी 'नव' चिकटलेलाच आहे, म्हणजे खरे बौद्ध दुसरे कुणीतरी, हे तात्पुरते. उलट बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दीक्षेच्या आदल्या दिवशी पत्रकारांनी बौद्धांच्या जुन्या पंथांपैकी हीनयान की महायान असे विचारल्यावर बाबासाहेबांनी याला 'नवयान' म्हणता येईल अशा अर्थाचे उत्तर दिल्याची नोंद आहे. काही जण त्याच आधारावर 'नवबौद्ध'चे समर्थन करतात. मला ते पटत नाही. नवयानात मार्ग नवा आहे. नवबौद्धात माणूस नवा ठरतो, आणि नवा माणूस म्हणजे अजून पुरता न मानलेला माणूस.

आकड्यांवरही याची सावली पडली. 1951 च्या गणनेत महाराष्ट्राच्या भूभागात बौद्ध अडीच हजारांच्या आत होते. 1961 मध्ये ते 27 लाख 89 हजार झाले. एवढा मोठा बदल झाला, तरी हा आकडा पुरा नव्हता. केंद्राच्या नोकऱ्यांतल्या राखीव जागा आणि राखीव मतदारसंघ बौद्धांना बंद होते, म्हणून अनेकांनी मुलांच्या दाखल्यावर 'हिंदू महार' तसेच ठेवले. घरी त्रिशरण-पंचशील आणि कागदावर हिंदू, असे चौतीस वर्षे चालले. 1990 मध्ये संसदेने आदेशात बौद्धांचा समावेश केला, तेव्हा ही कोंडी कायद्यापुरती फुटली.

जात पडताळणीची कोंडी राहिली. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक, म्हणजे पुराव्यासाठी धरली जाणारी तारीख, 10 ऑगस्ट 1950. त्याआधी आपले पूर्वज इथले आणि त्या जातीचे होते, याचा पुरावा लागतो. तेव्हाच्या कागदावर 'बौद्ध' असणे शक्यच नाही. त्यामुळे आज बौद्ध असलेल्या मुलीला प्रवेशासाठी पणजोबांचा निजामकाळातला उर्दू उतारा शोधावा लागतो. मी पुतणीसाठी असा उतारा काढला तेव्हा तर्जुमा करून देणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी भिंग धरून 'कौम'वर बोट ठेवले आणि पुढचा शब्द मोठ्याने वाचला. तो आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. पुतणी बाजूलाच उभी होती. बौद्ध असल्याचा फायदा मिळवायचा तर आधी तो शब्द सिद्ध करायचा, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळले.

शब्दावरून मराठवाडा पेटला तो 1978 मध्ये. 27 जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि त्यानंतर वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. 14 जानेवारी 1994 ला प्रश्न सुटला तेव्हा सरकारी शब्द बदललेला होता: 'नामविस्तार'. जुने नाव तसेच ठेवून पुढे बाबासाहेबांचे जोडले, म्हणून विस्तार. आमच्या गावात 14 जानेवारीला लोक विद्यापीठ गेटवर जायला निघतात तेव्हा अजूनही 'नामांतराला चाललो' म्हणतात. विस्तार कुणाच्या तोंडी बसला नाही.

या सगळ्या काळात घरातले शब्द मात्र शांतपणे बदलत गेले. तालुक्याच्या छापखान्यात 'शुभविवाह'शेजारी 'मंगल परिणय'चा साचा आला. तेराव्याऐवजी 'जलदान विधी व पुण्यानुमोदन'. देवळाला विहार, पूजेला वंदना. हे कुठल्याही शासन निर्णयाने झालेले नाही. आजी सुरुवातीला 'विहारात दर्शनाला जाते' म्हणायची, पुढे 'वंदनेला जाते' म्हणू लागली. शब्द बदलला तसे नारळ फोडणेही थांबले. आधी काय थांबले ते तिलाही सांगता आले नसते.

2011 मध्ये राज्यात 65 लाख 31 हजार बौद्ध मोजले गेले. 2021 ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे आणि तीत सगळ्यांची जातही विचारली जाणार आहे. अनुसूचित जातींच्या यादीत 'बौद्ध' नावाची जात नाही, 'महार' आहे. दोन्ही रकान्यांत 'बौद्ध' लिहिणारा धर्मात मोजला जाईल, पण अनुसूचित जातीत मोजला जाणार नाही. जातीच्या रकान्यात 'महार' लिहायचे, तर दीक्षेत सोडलेले नाव पुन्हा आपल्याच तोंडाने सांगायचे. आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर हा विषय निघाला. धर्म 'बौद्ध' लिहायचा, आणि 'नव' लावू द्यायचा नाही, यावर कुणाचेच दुमत नव्हते. जातीच्या रकान्यावर तासभर बोलणे झाले, दोघे रागावून उठून गेले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा बसायचे ठरले.