व्हिटावरचा अँड्रॉइड रनर: पोर्टला इम्युलेटर म्हणायचं बंद करा की

कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुणी जुना व्हिटा, म्हणजे सोनीचा हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल, घेतला की आठवड्याभरात ठरलेला प्रश्न येतो, "भावा, अँड्रॉइडचा इम्युलेटर कुठनं टाकायचा, सबवे सर्फर्स खेळायचाय." (रनर म्हणजे असला सतत पळत राहायचा गेम.) सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहूनच ठेवतो.

इम्युलेटर म्हणजे एका यंत्राचे गेम दुसऱ्या यंत्रावर चालवायला पहिल्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. मोबाईलवर पीपीएसएसपीपी नावाचा इम्युलेटर टाकून पीएसपीच्या, म्हणजे व्हिटाच्या आधीच्या सोनी कन्सोलच्या, आयएसओ (गेमच्या डिस्कची कॉपी असलेल्या फायली) सगळ्यांनीच खेळल्यात, पुढं.

व्हिटावर मोबाईलचा गेम पळताना दिसला की लोकांना वाटतं हे पण तसलंच. न्हवं. समजा घरी चिक्कोडीचा पाहुणा आलाय आणि त्याला फक्त कन्नड येतं, तर वाक्यावाक्याला दुभाषी लागणार. हा झाला इम्युलेटर, कारण पीएसपीचा प्रोसेसर मिप्स जातीचा आणि मोबाईलचा एआरएम, म्हणजे दोघांची भाषाच वेगळी. आता सांगलीचा पाहुणा आला तर? भाषा आपलीच, त्याला फक्त पाणी कुठंय, पंख्याचं बटण कुठलं एवढं दाखवायचं. व्हिटाचा प्रोसेसर पण एआरएमच, त्यामुळं एपीकेमधली (अँड्रॉइड गेमच्या इन्स्टॉल फायलीतली) एसओ फाईल, म्हणजे गेमचा प्रोसेसरला कळणारा कोड, जशीच्या तशी मेमरीत चढवतात आणि गेम अँड्रॉइडकडं जे मागतो, म्हणजे ग्राफिक्स, आवाज, टच, फायली, तेवढं व्हिटाकडनं पुरवायची सोय लिहून ठेवतात. ह्याला म्हणतात पोर्ट. 2021 मध्ये जीटीए सॅन अँड्रियास व्हिटावर असाच आला.

आणि गोची इथंच हाय. दुभाषी एकदा ठेवला की गावातली सगळी माणसं बोलवा, पण ही सोय गेमगणिक वेगळी करावी लागते. कुणीतरी त्याच गेमसाठी बसून काम केलेलं असलं तरच तो चालणार, तेही ठरलेल्या व्हर्जनची एपीके असली तर. आजची अपडेट उचलून टाकली आणि "चालत नाही राव" म्हणून फोन केला तर मी उचलणार नाही. त्यात नवीन गेम बरेचसे फक्त 64 बिटचे, व्हिटा 32 बिट, म्हणजे त्यांचा कोड व्हिटाला कळतच नाही, तिथं विषयच संपला. पीएसपीवर तर ही युक्ती लागूच नाही, तिथं सांगलीचा पाहुणा चिक्कोडीला गेल्यासारखं.

 

माझं विचाराल तर उभ्या स्क्रीनचा रनर आडव्या व्हिटावर खेळणं म्हणजे पांढरा रस्सा चमच्यानं पिणं. जेटपॅक जॉयराईड 2012 मध्ये पीएसपी आणि व्हिटासाठी रीतसर निघालाय, आडवा हाय, आणि एका बटणावर चालतो. दाबलं की वर, सोडलं की खाली. रंकाळ्यावर भेळ येईपर्यंत चार डाव होतात, आणि बटण खरं असल्यामुळं तेलकट बोट काचेवरनं घसरायचा प्रश्नच नाही.