पेटते ती युरेनियमची, मिणमिणते ती मँगनीजची

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात मागच्या महिन्यात एका जोडप्याने माझ्या डोळ्यांदेखत सहा बिनरंगी वाट्या घेतल्या. दुकानदाराने शटर अर्धं ओढलं, अतिनील प्रकाशाची जांभळी टॉर्च अगदी वाटीला टेकवली, काच हिरवट दिसली आणि "युरेनियम है" म्हणताच दर तिप्पट झाला. त्या वाट्या मँगनीजच्या होत्या. मी मध्ये बोलले नाही, त्याची चुटपुट अजून लागून राहिली आहे. चोर बाजारात हा घोळ मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता लिहायलाच बसले.

साधी हिरवी काच तुम्हाला माहीत आहे. वाळूतल्या लोहाने येतो तो बाटलीचा हिरवा, क्रोमियमने येतो तो पाचूसारखा गर्द. टॉर्चखाली ती उजळत नाही. कोबाल्टची निळी आणि चहाच्या रंगाची अंबरही नाही. कॅडमियमची पिवळी काच उजळते, पण नारिंगी-पिवळी, त्यामुळे तिथे कोणी फसत नाही.

युरेनियमची काच, म्हणजे रंगासाठी थोडं युरेनियम घातलेली, १८३०च्या दशकात बोहेमियात (आजच्या चेकियात) योसेफ रीडेल या काचवाल्याने लोकप्रिय केली. आपल्या पिवळ्या आणि हिरव्या छटांना त्याने 'आना' हे नाव दिलं होतं. पुढे १९३०च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेतल्या कारखान्यांनी यंत्राच्या साच्यात दाबून ढिगाने रंगीत ताटल्या, पेले, बश्या काढल्या. त्या ओट्सच्या डब्यात फुकट मिळायच्या, सिनेमाच्या तिकिटावरही मिळायच्या. त्यांतल्या बऱ्याच हिरव्या तुकड्यांत युरेनियम आहे, पण सगळ्यांत नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने युरेनियम आपल्या ताब्यात घेतलं आणि काचवाल्यांना ते १९५८ नंतरच पुन्हा मोकळेपणाने मिळू लागलं.

आता मँगनीज. वाळूत लोह असतंच आणि त्याने काचेला नको असलेली हिरवी झाक येते. ती मारायला भट्टीत मँगनीज डायऑक्साइड टाकत. काचवाले त्याला 'काचेचा साबण' म्हणतात. म्हणजे मँगनीज घालायचं ते काच पांढरी स्वच्छ दिसावी म्हणून. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळट होते, ते याच मँगनीजमुळे. आणि हीच काच अतिनील प्रकाशात हिरवी दिसते. सगळी फसगत इथे होते, कारण टॉर्चखाली दोघींचा रंग हिरवाच. फरक रंगात शोधू नका, उजेडाच्या जोरात शोधा.

युरेनियमची काच पेटते. लिंबाच्या सालीसारखा झगझगीत पिवळा-हिरवा उजेड काचेच्या आतून येतो, कडा तर डोळ्यांत भरतात. टॉर्च हातभर लांब धरली तरी ताटली अंधारात ओळखू येते. मँगनीजची मिणमिणते. तिचा हिरवा पाणचट असतो, टॉर्च टेकवली तरच दिसतो आणि जरा मागे नेली की विझतो. म्हणून विकणारा टॉर्च काचेला चिकटवत असेल तर त्याला मागे सरायला सांगा. मी हे प्रत्येक वेळी करते, कितीही ओळखीचा दुकानदार असला तरी.

दुसरी कसोटी टॉर्चचीच. नोटा तपासायच्या चांगल्या दिव्यांच्या प्रकाशाची तरंगलांबी ३६५ नॅनोमीटर असते. किल्लीच्या साखळीला लावून मिळतात त्या स्वस्त टॉर्चा बहुतेक ३९५च्या. ३६५खाली दोन्ही काचा हिरव्या दिसतात. ३९५खाली मँगनीजची जवळजवळ मावळते, युरेनियमची मात्र पेटलेलीच राहते. म्हणजे स्वस्त टॉर्चच इथे जास्त खरं सांगते. मी दोन्ही जवळ बाळगते, शिवाय रुमालात बांधलेला युरेनियमच्या काचेचा एक खात्रीचा मणी. शंका आली की मणी वाटीशेजारी ठेवायचा आणि एकाच झोतात दोन्ही बघायची. डोळ्याला तुलना मिळाली की तो चुकत नाही. युरेनियम अगदी नावाला असेल तर तीही काच मंद उजळते, तिथे किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटरच लागतो. मँगनीजने त्याचा आकडा वाढत नाही.

टॉर्च नसेल तर संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, ताटली गॅलरीत नेऊन कड बघा. आभाळाच्या उजेडातही युरेनियमची कड हिरवी लकाकते.

आणखी दोन गोष्टी मला खटकतात. प्रत्येक जुन्या काचेला 'बेल्जियमची' म्हणणं बंद व्हायला हवं. काच उचलून मागचा ठसा आणि साच्याची रेघ तरी बघा. दुसरं म्हणजे, उजेड दिसला म्हणजे किरणोत्सर्ग दिसला, हा समज. अतिनील प्रकाशाने काचेतल्या युरेनियमच्या आयनांतले इलेक्ट्रॉन उत्तेजित होतात आणि खाली येताना हिरवा प्रकाश सोडतात, एवढंच. टॉर्च बंद, उजेड बंद. किरणोत्सर्ग टॉर्च असो वा नसो, चालूच असतो. उजळण्यावरून वयही कळत नाही, कारण अमेरिकेत मॉसरसारखे कारखाने अशी काच अलीकडेही काढत आले आहेत.

मग यात जेवायचं का? मी जेवते. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने २००१ साली अशा वस्तूंचा हिशेब मांडला, तेव्हा वापरणाऱ्याला मिळणारी मात्रा निसर्गातून रोज मिळते तिच्यापुढे नगण्य निघाली. आंबट मात्र साठवू नये: लोणचं, कोकमाचं आगळ, लिंबाचा रस रात्रभर ठेवायला चिनी मातीची बरणी आहे. घटकाभर सोलकढी ओतून पिणं वेगळं. हिरव्या पेल्यात तिचा गुलाबी रंग जसा खुलतो तसा स्टीलमध्ये कधीच नाही.

मला धास्ती उष्णतेची आहे. साच्यात दाबलेली ही जुनी काच बोरोसिलसारखी नाही. उकळता चहा किंवा तव्यावरून उतरलेली भाजी पडली की तडकते, आणि फ्रीजमधून काढून लगेच धुतली तरीही. कोमट पाणी, बेसिनमध्ये खाली टॉवेल, डिशवॉशर अजिबात नाही, कारण त्यात काच कायमची धुरकट होते. ताटल्या रचताना मध्ये जुन्या धोतराचा तुकडा. पावसाळ्यात वर्तमानपत्रात बांधून माळ्यावर टाकू नका. ओल धरून काचेवर डाग बसतात. त्यापेक्षा वाढायला काढा. माझ्या चार हिरव्या बश्या रोज टेबलावर असतात आणि बारा वर्षांत एकच फुटली, तीही मांजरामुळे.