जुने डॅफोडिल: कसे जन्मले, कसे हरवले, कसे टिकवतात

डॅफोडिलचे बी पेरले तर मूळ वाण मिळत नाही. बियातून येते ते वेगळेच झाड, आईबापांवर थोडेफार गेलेले, आणि त्याला पहिले फूल यायला साधारण पाच वर्षे जातात. वाण पुढे चालतो तो फक्त कंदाला सुटणाऱ्या पिल्लांतून. म्हणजे आज कोणाच्या बागेत ‘एम्परर’ असेल, तर तो कंद एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बियातून आलेल्या एकाच कंदाचा अंश आहे. हापूसचे प्रत्येक कलम जसे मूळ हापूसचेच, तसेच हे. त्यामुळे जुना डॅफोडिल दोन प्रकारे संपतो: शेवटचा कंद कुजतो तेव्हा, किंवा कंद जिवंत असूनही त्याचे नाव कोणालाच सांगता येत नाही तेव्हा. गेल्या दीडशे वर्षांत दोन्ही प्रकारांनी भरपूर वाण गेले. आज घरच्या बागेत जुने वाण जपण्याच्या ज्या रीती पाळल्या जातात, त्यांतल्या बहुतेक त्या नुकसानीतूनच शिकलेल्या आहेत.

‘जुने’ कशाला म्हणायचे, याची एक सोयीची रेघ अमेरिकन डॅफोडिल सोसायटीने आखली आहे. १९४० पूर्वीचे वाण ‘हिस्टॉरिक’, १९४० ते १९६९ मधले ‘क्लासिक’.

या कुळाचे माहेर स्पेन आणि पोर्तुगाल. रानटी जाती सर्वांत जास्त तिथेच आहेत. एकाच दांड्यावर सुवासिक फुलांचा घोस येणारा टाझेटा मात्र भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पूर्वेकडे पसरला आणि चीन-जपानपर्यंत पोहोचला. काश्मीरचा नर्गिस तो हाच. महाराष्ट्रात पेपरव्हाइटसारखे टाझेटा कुंडीत एखादा हंगाम फुलवता येतात, पण मोठ्या तुतारीच्या, म्हणजे फुलाच्या मधल्या लांब नळीच्या, डॅफोडिलला लागणारी थंड जमीन इथे मिळत नाही. म्हणून ही हकिकत मुख्यतः ब्रिटनची आहे, आणि तिथे किंवा अमेरिकेत जुन्या घराच्या अंगणात असे कंद आयते हाती आलेल्या मराठी मंडळींच्या ती थेट उपयोगाची आहे.

नावाचा वाद या फुलाच्या पाचवीलाच पुजलेला. इंग्रज वनस्पतितज्ज्ञ जॉन पार्किन्सन यांच्या १६२९ च्या ग्रंथात एका दुहेरी पिवळ्या डॅफोडिलची नोंद आहे. फ्लँडर्सहून लंडनला आलेल्या व्हिन्सेंट सायन यांच्या बागेत १६२० मध्ये तो फुलला. पुढे जॉर्ज विल्मर नावाच्या गृहस्थांनी तो आपलाच म्हणून स्वतःचे नाव त्याला दिले, आणि पार्किन्सन यांनी हे पुस्तकात स्पष्ट लिहून ठेवले. म्हणून आज तो ‘व्हॅन सायन’ आहे. चारशे वर्षे जगलेला हा वाण पडक्या घरांच्या अंगणात अजून सापडतो. पण ओळखायला तो फसवा आहे. एखाद्या वर्षी तुतारी शाबूत राहून आत पाकळ्या ठासून भरलेल्या असतात, तर पुढच्या वर्षी त्याच जागी तुतारी फाटून हिरवट-पिवळा विस्कटलेला गुच्छ येतो. एका वर्षाच्या फुलावरून त्याचे नाव ठरवू नये. निदान दोन-तीन हंगाम पाहावेत.

संकराचे काम गंभीरपणे सुरू झाले ते विल्यम हर्बर्ट यांच्यापासून. हे धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. रानटी जाती म्हणून नोंदलेली काही फुले प्रत्यक्षात संकर आहेत, हे त्यांनी स्वतः परागीकरण करून दाखवले. त्यांचा ग्रंथ १८३७ चा. मग दोन हौशी माणसांनी हे काम उचलले: मँचेस्टरजवळचे एडवर्ड लीड्स आणि डरहॅम परगण्यातले बँकर विल्यम बॅकहाउस. बॅकहाउस यांचे ‘एम्परर’ आणि ‘एम्प्रेस’ त्या काळच्या मानाने दांडगे होते. ते त्रिगुणित होते, म्हणजे त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच होते.

लीड्स थकले तेव्हा त्यांनी अट घातली: कोणी शंभर पौंड देऊन सगळा संग्रह घेतला तर ठीक, नाहीतर कंद नष्ट करू. १८७४ मध्ये लंडनचे बियाणे-व्यापारी पीटर बार यांनी आणखी काही जणांना बरोबर घेऊन तो विकत घेतला. बॅकहाउस यांचे कंदही बार यांच्याकडे आले. त्या एका खरेदीवर पुढची सगळी इमारत उभी आहे, हे आम्हाला आवर्जून सांगावेसे वाटते. बार एवढ्यावर थांबले नाहीत; पार्किन्सन यांच्या पुस्तकातली हरवलेली फुले शोधायला ते स्पेन, पोर्तुगाल आणि पिरेनीजच्या डोंगरांत हिंडले.

१८८४ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने लंडनला डॅफोडिल परिषद भरवली. बागेत तयार झालेल्या वाणांना लॅटिन नावे देऊ नयेत, साधी नावे द्यावीत, असा ठराव तिथे झाला. १९०८ मध्ये सोसायटीची पहिली वर्गवारीची यादी निघाली, आणि १९५५ पासून जगभरच्या डॅफोडिलची नोंदणी तिच्याकडेच आहे. आज १३ विभाग आहेत. विभागाच्या आकड्यापुढे आधी पाकळ्यांचा आणि मग पेल्याचा, म्हणजे मधल्या नळीचा, रंग लिहितात. ‘२ डब्ल्यू-वाय’ म्हणजे मोठा पेला, पांढऱ्या पाकळ्या, पिवळा पेला. पाटीवर वाणाच्या नावाबरोबर ही खूण लिहून ठेवली, तर पाट्यांची अदलाबदल झालेली पुढच्या वसंतात लगेच लक्षात येते.

१८८४ च्या परिषदेनंतरची तीस वर्षे भरभराटीची. हॅम्पशायरमधले धर्मगुरू जॉर्ज एंगलहार्ट यांनी एकामागून एक वाण काढले; त्यांच्या शेंदरी पेल्याच्या ‘विल स्कार्लेट’चे तीन कंद शंभर पौंडांना विकले गेले. डेव्हनमध्ये जॉन केंडल यांनी केलेल्या संकरातून ‘किंग आल्फ्रेड’ आला. तो स्वतः केंडल यांना पाहायला मिळाला नाही, पण १८९९ मध्ये त्याला सोसायटीचे प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र मिळाले. हा वाण चतुर्गुणित होता. त्याच्या जाड पाकळ्या, रुंद पाने आणि भडक पिवळा रंग पाहिल्यावर बाजाराला जुनी नाजूक, मान खाली घालणारी फुले नकोशी झाली.

मग सूत्रकृमी आले. डिटिलेंकस डिप्सासी हा डोळ्यांना न दिसणारा कृमी कंदात शिरतो. पानांवर फिकट पिवळे फुगवटे येतात, पाने वाकडी होतात, आणि कंद आडवा कापला तर आत तपकिरी वलये दिसतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमधले मळेच्या मळे यात बसले. उपाय शोधला तो सोसायटीच्या विझ्ली बागेत काम करणाऱ्या जेम्स किर्कहॅम रॅम्सबॉटम या तरुणाने. ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पाण्यात कंद तीन-चार तास ठेवले की कृमी मरतो आणि कंद जगतो, हे त्याने १९१७ मध्ये मांडले. हॉलंडमध्ये लिस्से इथे व्हॅन स्लॉग्टेरेन याच दिशेने काम करत होते. रॅम्सबॉटम १९२५ मध्ये अमेरिकेच्या व्याख्यानदौऱ्यात अपघातात गेला, पस्तिशीही न गाठता. जुन्या डॅफोडिलवर जीव असणाऱ्या प्रत्येकाने त्याचे नाव लक्षात ठेवावे.

हीच पद्धत आजही चालते: ४४.४ अंश सेल्सिअस, तीन तास. घरी करायची तर तापमान स्वतः राखणारे यंत्र हवे. गॅसवरच्या पातेल्यात हे जमत नाही. ४३ च्या खाली कृमी वाचतो, ४६ च्या वर कंद शिजतो. कंद काढून वाळवल्यावर साधारण महिन्याने, जुलै-ऑगस्टमध्ये, हे करावे. फार लवकर केले तर आतली फुलाची कळी दुखावते, उशीर झाला तर मुळांचे कोंब. आधी दोन-तीन तास साध्या पाण्यात भिजवावे, कारण सुकून गोळा झालेला कृमी उष्णतेला दाद देत नाही. पाणी इतके हवे की कंद टाकल्यावर तापमान फारसे उतरू नये. वेळ मोजायला सुरुवात करायची ती पाणी पुन्हा ४४.४ वर आल्यावर. आणि मऊ पडलेला एकही कंद त्या पाण्यात जाऊ देऊ नये. त्याची बुरशी पाण्यातून बाकीच्या सगळ्या कंदांना लागते. मळेवाले पाण्यात फॉर्मलिन हे जंतुनाशक घालत ते याचसाठी. लागण झालेल्या जागी निदान तीन-चार वर्षे डॅफोडिल लावू नये.

तळकूज हा दुसरा शत्रू, आणि घरच्या बागेत हाच जास्त आढळतो. फ्युझेरियम बुरशी कंदाच्या तळच्या चकतीतून शिरते आणि चॉकलेटी रंगाची कूज वर चढते. तिला उबदार माती आवडते. म्हणून जिथे उन्हाळा कडक असतो तिथे कंद मातीत ठेवण्यापेक्षा पाने पिवळी पडताच काढावेत आणि माती थंडावल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, लावावेत. ताजे शेणखत अजिबात घालू नये, नत्र कमी, पालाश जास्त. एंगलहार्ट यांच्या १९२३ च्या ‘बीअरशेबा’सारख्या जुन्या पांढऱ्या तुतारीवाल्यांना ही कूज फार लवकर लागते. खतावलेल्या वाफ्यापेक्षा निचऱ्याच्या उतारावर, गवताच्या मुळांत ते जास्त टिकतात. उलट ‘सर वॉटकिन’ किंवा ‘बॅरी कॉन्स्पिक्युअस’ यांना फारसे लाड लागत नाहीत. नवख्याने सुरुवात यांच्यापासून करावी.

रोगाने नेले नाही ते बाजाराने आणि युद्धाने नेले. दुसऱ्या महायुद्धात फुलांची जमीन अन्नधान्याला गेली. कॉर्नवॉल आणि डेव्हनच्या सीमेवरच्या टेमर खोऱ्यात शेतकऱ्यांनी कंद उपटून बांधावरच्या झुडपांत फेकले, आणि ते तिथेच रुजले. त्या बांधांवर आजही जुने वाण फुलतात. जगले, पण नाव गेले. ‘किंग आल्फ्रेड’चे उलटे झाले. नाव इतके खपाऊ ठरले की ‘डच मास्टर’सारखे नंतरचे वाणही त्याच नावाने विकले जाऊ लागले. दुकानातल्या पिशवीवर ‘किंग आल्फ्रेड प्रकार’ लिहिलेले असेल, तर आत मूळ वाण नाही असेच धरून चालावे.

संग्रह करून जपण्याची चळवळ त्यामानाने अलीकडची. आता प्लँट हेरिटेज या नावाने ओळखली जाणारी संस्था १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झाली. एकेका माणसाकडे किंवा बागेकडे एकेका गटाचा राष्ट्रीय संग्रह सोपवायचा, ही तिची रीत. स्कॉटलंडमधल्या ब्रॉडी किल्ल्यात तिथल्याच इयन ब्रॉडी यांनी काढलेले वाण जपले आहेत. शेकडो नावांपैकी बरेच आज मिळत नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेकडे हेच काम जुन्या वस्त्यांच्या अंगणांनी नकळत केले. तिथे ‘ग्रँड प्रिमो’सारखे टाझेटा थंडीशिवायही टिकतात, म्हणून टेक्सासमध्ये राहणाऱ्याने यॉर्कशायरची यादी समोर ठेवू नये. अशा जागेवरून कंद घ्यायचे तर मालकाला विचारून, चार-सहाच, आणि फूल असताना खूण करून ठेवून.

लागवड सोपी आहे. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, साधारण १५ सेंटिमीटर, दोन कंदांत १० ते १५ सेंटिमीटर. सुकलेली फुले खुडावीत, पण पाने फुलांनंतर सहा आठवडे कापू नयेत आणि गाठीही मारू नयेत. पुढच्या वर्षीची कळी त्या पानांच्या कमाईवर घडते. पाने भरघोस आणि फूल नाही, असे झाले तर बहुधा कंद दाटले आहेत, उथळ आहेत किंवा वसंतात पाणी कमी पडले आहे. दर तीन ते पाच वर्षांनी काढून, सहज सुटतील तेवढीच पिल्ले वेगळी करावीत. मे-जूनमध्ये पाने वाळताना मातीत राहणाऱ्या भोकातून कंदमाशी आत शिरून अंडी घालते आणि एक अळी अख्खा कंद पोखरते. तेव्हा मातीवरून दाताळे फिरवून भोके बुजवावीत किंवा बारीक जाळी अंथरावी. पानांवर पिवळे लांबट पट्टे दिसले तर तो विषाणू. त्याला घरी उपाय नाही. कंद उपटून टाकावा, मग तो कितीही दुर्मीळ असो.

आणि एकाच जागी सगळे कंद ठेवू नयेत. पुरेशी पिल्ले झाली की वेगळ्या मातीच्या दोन बागांत पाटीसकट द्यावीत. पाटी ॲल्युमिनियमची, शिवाय वहीत वाफ्याचा नकाशा, कारण पक्षी आणि मुले पाट्या उपटतात. वाण इतका उरला असेल की पिल्लांची वाट पाहणे परवडत नाही, तर जुलै-ऑगस्टमध्ये एक निरोगी कंद उभा कापून त्याचे आठ ते सोळा भाग करतात, आणि प्रत्येक भागातून तळच्या चकतीचा तुकडा राखून खवल्यांच्या जोड्या सोडवतात. पाते दर कापाला स्पिरिटने पुसायचे. हातमोजे हवेत, रसाने कातडीला पुरळ येते. जोड्या बुरशीनाशकात बुडवून, किंचित ओल्या व्हर्मिक्युलाइटसह (ओल धरणारे हलके खनिज) पिशवीत भरून २० अंशाला अंधारात ठेवल्या की बाराएक आठवड्यांत खवल्यांच्या मध्ये इवले कंद धरतात. ते ट्रेमध्ये लावल्यावर फूल यायला तीन-चार वर्षे लागतात. पहिले फूल आले की उंची, फुलण्याची तारीख, पेल्याची कड आणि पानांचा रंग जुन्या नोंदीशी ताडून पाहावा, आणि मगच पाटीवर नाव कायम करावे.