चुंबकीय मेंदू उत्तेजन

कवटी न उघडता आणि भूल न देता, बाहेरून सोडलेल्या चुंबकीय स्पंदांनी मेंदूच्या ठरावीक भागातील चेतापेशींना चेतवण्याची उपचारपद्धती. वैद्यकात तिचे नाव ट्रान्सक्रॅनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. डॉक्टर आणि रुग्ण सगळेच तिला ‘टीएमएस’ म्हणतात. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर ती प्रामुख्याने वापरली जाते. मंत्रचळ, अर्धशिशी, मज्जातंतूंच्या वेदना आणि पक्षाघातानंतर हाताची हालचाल परत मिळवणे यांसाठीही तिचा उपयोग होतो, पण या सगळ्यांमागचा पुरावा सारख्याच वजनाचा नाही.

तिचे मूळ शाळेत शिकलेल्या विद्युत-चुंबकीय प्रवर्तनात आहे. चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. टीएमएसमध्ये तो वाहक म्हणजे खुद्द मेंदू. यंत्रातल्या कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज तांब्याच्या कॉइलमधून क्षणार्धात सोडली जाते. प्रवाह हजारो अँपिअरचा असतो, पण टिकतो मिलिसेकंदाच्याही काही अंशापुरता. त्यातून दीड ते दोन टेस्ला तीव्रतेचे, म्हणजे एमआरआय यंत्राच्या तोडीचे चुंबकीय क्षेत्र कॉइलजवळच्या लहानशा जागेत उभे राहते. त्वचा आणि हाड त्याला अडवत नाहीत. खाली मेंदूच्या बाह्य थरात त्यामुळे प्रवाह निर्माण होतो आणि तिथल्या चेतापेशी संदेश सोडतात. नेहमीच्या कॉइलचा परिणाम साधारण दोन ते तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच पोहोचतो. इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या कॉइलमध्ये दोन्ही वेटोळी जिथे भेटतात तिथे क्षेत्र सर्वांत तीव्र असते, म्हणून तिने नेम साधता येतो. ‘एच-कॉइल’ अधिक खोल जाते, मात्र तिचा परिणाम जास्त पसरतो.

डोक्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्याचे प्रयोग जुने आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ द’आर्सोन्वाल यांनी १८९६ मध्ये माणसाचे डोके मोठ्या कॉइलमध्ये ठेवले, तेव्हा त्याला डोळ्यांपुढे प्रकाशाचे झोत दिसले आणि भोवळ आली. पुढे १९८० मध्ये लंडनमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी टाळूवरून थेट विजेचा धक्का देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले. ते जमले खरे, पण फार दुखायचे. वेदनेचा हा अडसर अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूर केला. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे १९८५ मध्ये त्यांनी डोक्यावर कॉइल धरून स्पंद सोडला आणि समोरच्या माणसाचा हात न दुखता हलला. बार्कर यांचा हेतू उपचाराचा नव्हता. मेंदूपासून स्नायूपर्यंत संदेश पोहोचायला किती वेळ लागतो हे त्यांना मोजायचे होते, आणि चेतासंस्थेच्या तपासणीत हे तंत्र आजही त्यासाठी वापरतात.

नैराश्याकडे हे तंत्र वळले ते १९९० च्या दशकात. नैराश्यात मेंदूच्या डाव्या अग्रभागातील, कपाळाच्या वरच्या बाजूस येणाऱ्या एका पट्ट्याचे काम मंदावलेले असते, असे मेंदूच्या चित्रणातून दिसत होते. हा पट्टा टाळूपासून जवळ आहे आणि भावनांशी निगडित खोल केंद्रांशी जोडलेला आहे. खोल केंद्रांना कॉइल पोहोचत नाही, पण या पट्ट्यामार्गे त्यांच्यावर परिणाम करता येईल, ही त्यामागची कल्पना. मार्क जॉर्ज यांनी १९९५ मध्ये आणि अल्व्हारो पास्कुआल-लिओने यांनी १९९६ मध्ये रोज दिलेल्या स्पंदांचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्पंद वेगाने, सेकंदाला दहाच्या आसपास दिले तर तो भाग अधिक सक्रिय होतो, आणि सेकंदाला एक दिला तर शांत होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणून डाव्या बाजूला जलद किंवा उजव्या बाजूला संथ, असे दोन्ही प्रकार वापरतात. व्यक्तीव्यक्तीत हा नियम बदलतो.

उपचारात पहिल्या दिवसाचे मोजमाप महत्त्वाचे असते आणि घाईत तेच उरकले जाण्याचा धोका असतो. रुग्ण खुर्चीत बसतो. दागिने, चष्मा, मोबाइल बाजूला ठेवतो, कानात बोळे घालतो. डॉक्टर किंवा प्रशिक्षित सहायक मेंदूच्या हालचाल-केंद्रावर कॉइल सरकवत एकेक स्पंद सोडतात आणि उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहत राहतात. अंगठा हलला की जागा सापडली. मग ताकद हळूहळू कमी करत, दहापैकी निम्म्या वेळा अंगठा जेमतेम हलेल अशी पातळी शोधतात. हाच त्या माणसाचा उंबरठा, आणि मात्रा त्यावरून ठरते. नैराश्यासाठी सहसा त्याच्या १२० टक्के. त्यानंतर कॉइल पुढे अग्रभागाकडे नेतात. पूर्वी ‘पाच सेंटिमीटर पुढे’ असा सरसकट हिशोब असे. डोक्याचा आकार सगळ्यांचा सारखा नसल्याने अनेकांच्या बाबतीत नेम चुकत असे. आता डोक्याची मापे घेऊन किंवा एमआरआयच्या आधारे जागा ठरवतात.

मूळ पद्धतीत एका बैठकीत तीन हजार स्पंद: चार सेकंद टकटक, सव्वीस सेकंद विश्रांती, असे साडेसदतीस मिनिटे. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. टाळूवर टिचक्या बसल्यासारखे वाटते, कधी भुवई किंवा जबडा फडफडतो. रुग्ण पूर्ण जागा असतो आणि बैठक संपल्यावर स्वतःच्या पायांनी घरी किंवा कामावर जातो.

टीएमएस म्हणजे शॉक नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे, कारण त्या भीतीने अनेक घरांत हा विषयच मिटवला जातो. शॉक उपचारात, म्हणजे ईसीटीमध्ये, भूल देऊन मेंदूत नियंत्रित झटका, म्हणजे फिट, घडवून आणतात. टीएमएसमध्ये झटका येऊ नये अशीच मात्रा ठेवतात आणि स्मृतीवर तसा परिणाम होत नाही. पण याचा अर्थ ती ईसीटीची जागा घेते असा नाही. रुग्णाने अन्नपाणी सोडले असेल, भास होत असतील, आत्महत्येचा धोका तोंडावर असेल, तर ईसीटी अधिक प्रभावी आणि जलद ठरते. केवळ शॉक नको म्हणून अशा रुग्णाला आठवडेच्या आठवडे टीएमएस देत बसणे घातक ठरू शकते.

परिणामकारकतेचे आकडे नीट वाचावे लागतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने नैराश्यासाठीच्या पहिल्या यंत्राला २००८ मध्ये परवानगी दिली. नंतर १९० रुग्णांवरील सरकारी अर्थसाहाय्याची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात खऱ्या उपचाराने पूर्ण उतार पडलेले सुमारे १४ टक्के, आणि नकली कॉइलने सुमारे ५ टक्के. फरक खरा, पण छोटा. २०१८ मध्ये अमेरिकेतील १६४ माजी सैनिकांवरील चाचणीत तर खऱ्या गटात सुमारे ४१ आणि नकली गटात सुमारे ३७ टक्के रुग्णांना उतार पडला, म्हणजे सांगण्याजोगा फरक उरलाच नाही. रोज दवाखान्यात जाणे, कोणीतरी आपुलकीने विचारणे, दिवसाला वळण लागणे, यांचाही वाटा मोठा असावा. तरीही सर्व चाचण्या एकत्र पाहता टीएमएस नकली उपचारापेक्षा सरस ठरते. दोन-तीन औषधे घेऊनही बरे न वाटलेल्या माणसासाठी हा पर्याय मोलाचा आहे, आणि तो वेळेवर सुचवला जायला हवा. ‘गोळ्यांपासून कायमची सुटका’ अशी जाहिरात मात्र दिशाभूल करणारी आहे. बरे झाल्यावर काहींना पुन्हा त्रास होतो, अधूनमधून बैठका घ्याव्या लागतात, आणि औषधे बहुधा चालूच ठेवावी लागतात.

नैराश्यापलीकडे, प्रकाशवलये किंवा तत्सम पूर्वसूचना देणाऱ्या अर्धशिशीसाठी हातात धरायच्या, एकेरी स्पंद सोडणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत २०१३ मध्ये, तर मंत्रचळासाठी खोल जाणाऱ्या कॉइलला २०१८ मध्ये परवानगी मिळाली. पक्षाघातात निरोगी अर्ध्या मेंदूला संथ स्पंदांनी थोडे आवरले, तर बाधित बाजूच्या हाताला सुधारण्यास वाव मिळतो, आणि पक्षाघातानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत याला चांगला आधार सापडला आहे, अर्थात व्यायामोपचारासोबतच. विस्मरण, कंपवात, कानात सतत होणारा आवाज यांबाबत दावे पुष्कळ आहेत, पण रुग्णाने त्यांवर पैसे खर्च करावेत इतका भक्कम पुरावा नाही.

सर्वांत गंभीर धोका फिट येण्याचा. नियम पाळले तर तो हजारात एकापेक्षाही कमी असतो. अपस्मार, डोक्याची जुनी इजा, झोपेचा अभाव, दारू आणि काही औषधे यांनी वाढतो. डोक्यात चुंबकाला ओढला जाणारा धातू किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेले श्रवणयंत्र) असेल तर हा उपचार वर्ज्य. पेसमेकर असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. डोकेदुखी आणि टाळूचे दुखणे मात्र बऱ्याच जणांना पहिल्या आठवड्यात होते व ओसरते.

भारतात बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आणि रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत यावर बरेच संशोधन झाले आहे, आणि मुंबई-पुण्यात खासगी दवाखान्यांतही सोय आहे. खरी अडचण महिनाभर रोज यायची. रोजंदारीवरच्या माणसाला किंवा दुसऱ्या तालुक्यातून येणाऱ्या बाईला ते परवडत नाही. रोजची फेरी टळत नसली तरी बैठकीचा वेळ वाचवणाऱ्या, तीन मिनिटांत सहाशे स्पंद देणाऱ्या ‘थीटा बर्स्ट’ पद्धतीचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे. २०१८ मध्ये कॅनडात ४१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ती जुन्या साडेसदतीस मिनिटांच्या पद्धतीपेक्षा कमी ठरली नाही. एकाच यंत्रावर दिवसात कितीतरी अधिक रुग्ण घेता येतात, आणि त्यातून खर्च कमी करता येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या आणि २०२२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या पद्धतीत तर दिवसाला दहा बैठका घेऊन उपचार पाच दिवसांत संपवतात. त्यासाठी नेम धरायला प्रत्येक रुग्णाचे विशेष एमआरआय चित्रण लागते, त्यामुळे आपल्या जिल्हा रुग्णालयांसाठी तूर्त तीन मिनिटांची साधी पद्धतच अधिक उपयोगाची आहे.